स्क्रूच्या खाचेतला पिवळा रंग

आधी आकडा सांगून टाकतो, कारण लाज त्याचीच जास्त वाटते. ५३,५६५ डॉलर. हिश्शाचे ४१,५००, खरेदीआधीच्या तपासणीचे १,२५०, इंजिनच्या ओव्हरहॉलसाठी आगाऊ ८,६४० आणि विम्यातला माझा वाटा २,१७५. एवढे मोजून मी एका टी-६ टेक्सनचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या शिकाऊ विमानाचा, चौथा हिस्सा घेतला. आपल्याकडे त्याच विमानाला हार्वर्ड म्हणतात. घेतलं तेव्हा पंखाच्या जोडाला भेग होती.

‘कुणी सांगितलं होतं’ असं म्हणणारे म्हणतीलच, आई रोज फोनवर म्हणतेच आहे. पण माझीही बाजू ऐका. माझे काका हवाई दलात हार्वर्डवर फिटर होते. सुट्टीत घरी आले की त्या नऊ सिलिंडरच्या इंजिनाबद्दल असं बोलायचे, की आम्हा पोरांना ते गोठ्यातलं जनावर वाटायचं. अमेरिकेत येऊन बावीस वर्षं झाली, स्वतःचे ३१० तास उड्डाण झालं, टेलव्हीलचं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेली विमानं उडवायचं, शिक्षण घेतलं, आणि एक दिवस तेच विमान, टेक्सासात डॅलसजवळच्या कारखान्यात बनलेलं, माझ्यासमोर उभं. पिवळंधमक. माणूस विरघळणारच.

विकणाऱ्याला आम्ही कॅप्टन म्हणायचो. स्वतःकडे एक हिस्सा ठेवून उरलेले तीन विकत होता. एक गेला निवृत्त वैमानिकाला, एक दाताच्या डॉक्टरला, तिसरा मला. गोड बोलणं म्हणजे काय ते या माणसाकडून शिकावं. पहिल्याच भेटीत काकांची चौकशी केली, पुढच्या वेळी त्यांचा फोटो मागून घेतला आणि हँगरच्या भिंतीवर लावला. इंजिन सुरू करण्याआधी पुढचा पंखा (प्रॉपेलर) हाताने फिरवून खालच्या सिलिंडरांत तेल साचलेलं नाही ना ते कसं बघायचं, हे त्याने मला तीनदा करायला लावलं. ‘घाई करायची नाही, ही जुनी मंडळी घाईला माफ करत नाहीत,’ म्हणाला. अशा माणसावर संशय घेणार कसा? मला तरी जमलं नाही.

आता खरी गोष्ट. मे २००५ मध्ये फ्लोरिडात किसिमीजवळ एका टी-६चा पंख हवेतच निखळला आणि आतले दोघे गेले. बाहेरचा पंख मधल्या भागाला जिथे बोल्टांच्या रांगेने जोडतात, तिथल्या काटकोनी धातूच्या तुकड्याला, अँगलला, धातूच्या थकव्याची भेग होती. त्यानंतर एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक खात्याने, तातडीची एडी (विमान उडवायचं तर पाळावाच लागणारा आदेश) काढली, २००५-१२-५१. हे अँगल दर २०० उड्डाण-तासांनी फ्लोरेसंट पेनिट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणाऱ्या डायने, तपासायचे. टी-६च्या जगात ही एडी लहान पोरालाही पाठ असते. मलाही होती. मी लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीत, सगळ्यात आधी तीच शोधली आणि ती मिळाली: मार्च २०२२, अँगल झाकणाऱ्या चारही पट्ट्या उघडल्या, अँगल तपासले, भेग नाही, खाली सही आणि सर्टिफिकेटचा नंबर. मी समाधानाने वही मिटली.

इथे थांबून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याच वहीत, चारच पानं मागे, रंगकामाची नोंद होती, २०११ची. आणि मी त्या जोडावरच्या फेअरिंगच्या, म्हणजे जोड झाकणाऱ्या पत्र्याच्या, पट्टीवरून हात फिरवला होता. प्रत्यक्ष बोट फिरवलं होतं. एकेका स्क्रूच्या खाचेत पिवळा रंग गुळगुळीत भरलेला, कुठे टवका नाही, पेचकसाचा ओरखडा नाही. मी कॅप्टनला म्हणालो, ‘काय सुंदर रंग टिकलाय!’ तो म्हणाला, ‘प्रेमाने ठेवलंय.’

अहो, पट्टी काढल्याशिवाय अँगल दिसतच नाही. स्क्रू काढले की रंग फुटतो. आणि पेनिट्रंट रंगावर चालत नाही, धातू उघडा करावा लागतो. हे मला कुणी शिकवायची गरज नाही, कारण मी वेल्डिंगच्या तपासणीवरच पोट भरतो. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या पाइपांवर हाच डाय लावतोय. कामावर कुणी असा रिपोर्ट आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. हँगरमध्ये मात्र माझ्यातला इन्स्पेक्टर गेला कुठे आणि काकांचा पुतण्या तेवढा उरला.

खरेदीआधीची तपासणी? केली ना. १,२५० डॉलर देऊन. मेकॅनिक कॅप्टननेच सुचवला, ‘माझ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही,’ असं आवर्जून सांगून. विकणारा ज्याचं नाव घेईल त्याला सोडून बाकी कुणालाही बोलवा. दुसऱ्या राज्यातून विमानाचं तिकीट काढून आणावा लागला तरी स्वस्त पडेल.

सप्टेंबर २०२३ ला हिस्सा घेतला, आणि मे २०२४ ला वार्षिक तपासणीची वेळ आली. कॅप्टन नेमका ‘बाहेरगावी’. दाताच्या डॉक्टरने स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक आणला, साठीचा, कमी बोलणारा. त्याने वही उघडलीच नाही. पट्टीजवळ खाली बसला, चष्मा कपाळावर चढवला, नखाने एका स्क्रूच्या खाचेतला रंग खरवडला आणि विचारलं, ‘ही पट्टी कोण म्हणतंय उघडली?’ मला तिथेच कळलं. पायातलं बळ गेलं.

दुपारी हँगरची दारं लावून अंधार केला. अल्ट्राव्हायोलेट दिवा उजव्या पंखाच्या खालच्या, बाहेरच्या अँगलवरून सरकत गेला आणि एका बोल्टच्या भोकापासून हिरवट रेघ उजळली. पाऊण इंच. रेघ मी रोज बघतो हो, पण त्या रेघेवर आपलं माणूस बसलेलं नसतं. तोवर आम्ही तीनदा उडालो होतो, त्यातल्या दुसऱ्यांदा मागच्या सीटवर माझी चौदा वर्षांची मुलगी होती आणि कॅप्टनने तिला लूप, म्हणजे हवेत उभी कोलांटी, करून दाखवला होता. म्हणजे तो स्वतःही त्याच पंखाच्या भरवशावर होता. त्याला खरंच काही वाटत नव्हतं, की आपलं खोटं त्याने स्वतःलाच पटवलं होतं, हे मला अजून सुटलेलं नाही.

मग एकेक धागा ओढला. वहीत ज्याची सही होती तो मेकॅनिक खरा, सर्टिफिकेट खरं, फक्त सही त्याची नव्हती. मी फोन केला तेव्हा म्हणाला, ‘मी ते विमान पाहिलेलंही नाही.’ एक फोन! हिस्सा घेण्याआधी केला असता तर चार मिनिटं लागली असती. इंजिनच्या ओव्हरहॉलसाठी ‘नंबर लावायला’ म्हणून कॅप्टनने ८,६४० घेतले होते. वर्कशॉपला विचारलं तर आमच्या विमानाचा नंबर त्यांच्या यादीतच नाही. वर्कशॉपचे पैसे वर्कशॉपलाच द्या, मध्ये कुणाच्या खिशाला हात लागू देऊ नका. आणि ओक्लाहोमा सिटीच्या एफएए नोंदणी कार्यालयातून विमानाच्या नोंदी मागवा (मला १० डॉलरला सीडी मिळाली), त्यात मोठ्या दुरुस्त्यांचे ३३७ नंबरचे फॉर्म असतात. माझ्या सीडीत २००८ नंतरचा एकही नव्हता, वहीत मात्र दोन दुरुस्त्यांपुढे ‘३३७ पाठवला’ असं ठसठशीत लिहिलेलं. सीडी मी मागवली ती जूनमध्ये, सगळं झाल्यावर.

आता तक्रारीचं ऐका. पहिल्या सरकारी कार्यालयात गेलो, फोटो, वही, भेगेचा अहवाल सगळं घेऊन. देखभालीच्या नोंदीत खोटं लिहिणं हा एफएएच्या नियम ४३.१२चा सरळ भंग आहे. समोरच्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, ‘तुम्ही सहमालक का?’ हो. ‘विमान उडालं का?’ तीनदा. ‘मग एडी न पाळता विमान उडवलंत असं होतं. विमान उडण्यालायक ठेवायची मुख्य जबाबदारी मालकाची.’ मी बघतच राहिलो. चोरी माझ्याकडे झाली, आणि कुलूप का नव्हतं म्हणून नोटीस मलाच! मालकाच्या जबाबदारीचं ते कलम ९१.४०३ मला माहीत आहे, बाई, पण सही खोटी आहे हे मालकाला स्वप्नात दिसतं का? माझा अर्ज ‘विचाराधीन’ झाला त्याला अकरा महिने झाले. मध्ये दोनदा तपासनीस बदलले, दोन्ही वेळा कागद नव्याने मागितले.

पोलिसांनी ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि हा दिवाणी मामला आहे म्हणून सांगितलं. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांना विमान ही ग्राहकोपयोगी वस्तू वाटत नाही. सायबर तक्रारीचा एक नंबर मिळाला आहे, लांबलचक, तो मी फ्रिजवर लावलाय. वकील तासाला ३७५ घेतो आणि सुरुवातीला ५,००० ठेवा म्हणतो. या टेबलावरून त्या टेबलावर गेलं की प्रत्येक जण गुन्हा झालाय हे मान्य करतो, फक्त तो त्याच्या टेबलावर झालेला नसतो. विमानाच्या स्क्रूपासून सीटबेल्टच्या शिवणीपर्यंत ज्या देशात कागद लागतो, तिथे तो कागद खोटा निघाला तर बघायला कुणी नाही.

नवऱ्याचं विमान म्हणून मैत्रिणींना कौतुकाने सांगणारी बायको हल्ली विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. एकदाच म्हणाली, ‘अरे, पैशाचं राहू दे. तिला मागे बसवलंस ना तू.’ याला मी काय उत्तर देणार?

कुणी हार्वर्ड, चिपमंक, काहीही जुनं लष्करी घेत असेल तर वही वाचण्याआधी विमान वाचा. नोंद म्हणते ‘उघडलं’, तर स्क्रू तसं म्हणतो का ते बघा. पेचकस मागा. ‘रंग खराब होईल’ असं कुणी म्हणालं तर गाडीची किल्ली काढा आणि घरी या.

सगळे अँगल बदलायचा अंदाज २७,४०० आलाय. वैमानिक महाशय भरायला तयार नाहीत, डॉक्टर तयार आहेत, मी अजून बोललेलो नाही. कॅप्टनचा फोन बंद आहे, पण करारावर त्याचं नाव असल्याने विमान विकताही येत नाही. ते हँगरमध्ये उभं आहे, पट्टी काढलेली, खाली ट्रेमध्ये तेल ठिबकतंय. हँगरचं भाडं महिन्याला ३८५. माझ्या वाट्याचा ९६ डॉलर २५ सेंटचा चेक परवाच पाठवला.