डिस्प्लेवर पन्नास टक्के, टाकीत वीतभर पाणी

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेसहा. वॉचमनने बेल वाजवली. "मॅडम, मोटर नुसती घरघरतेय, टाकीत पाणी नाय." मी मोबाइल उघडला, तर जमिनीखालच्या टाकीची निळी पट्टी ५० टक्क्यांवर निवांत. "नीट बघा हो," मीच त्यांना सुनावलं. ते बांबू घेऊन आले. खालचा वीतभर भाग ओला होता, वर सगळा कोरडा.

आमची सोसायटी उंड्रीत, उन्हाळाभर टँकरवर. मी खजिनदार, म्हणजे चेकवर सही माझी. टाकी आतून १० मीटर बाय ४ मीटर, भरली की २.४ मीटर पाणी. आत किती आहे हे घरबसल्या कळावं म्हणून आम्ही ३६,००० रुपयांना प्रेशर सेन्सर बसवून घेतला. विक्रेता बोलण्यात तयार. टाकीच्या तळाशी सेन्सर सोडायचा, वरच्या पाण्याचा दाब मोजायचा, त्यावरून पातळी. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार दाब. वरून ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिकला वाफ आणि फेस त्रास देतात, हेही त्याने सांगितलं. यातला शब्दन् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त वस्तू.

बी विंगमधले एक काका भोसरीला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते, आता निवृत्त. त्यांना आधी विचारलं नाही, ही चूक आमचीच. त्या दिवशी टँकर आले, टाकी भरली आणि काकांनी सेन्सरच्या वायरमधला करंट मोजायला मल्टिमीटर लावला. पाच मीटरपर्यंत मोजणारा सेन्सर, आमचा म्हणे तसाच, रिकाम्या टाकीला ४ मिलिअँपिअर देतो आणि पाच मीटर पाण्याला २०. म्हणजे २.४ मीटरला ११.७ च्या आसपास आकडा हवा. मल्टिमीटरवर साडेचार. काका काही बोलले नाहीत, सेन्सर वर ओढायला लावला.

पाण्यात सोडायचा सेन्सर बंद नळकांड्यासारखा असतो, तोंडाला भोकांची टोपी. आमचा निघाला पाइपलाइनवर बसवायचा, आटे असलेला, पीव्हीसीच्या तुकड्यात कोंबून एम-सीलने लिंपलेला. त्यावर '०–५ मी.' असं स्टिकर. काकांनी नखाने कोपरा उचलला. खाली छापलं होतं, ०–१० बार.

१० बार म्हणजे शंभर मीटर पाणी. अशा सेन्सरची एक टक्का चूक झाली की आमच्या टाकीत मीटरभर पाण्याचा फरक, म्हणजे ४०,००० लिटर, दहा हजारी टँकर चार! ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबीर तोलायची, असं काका म्हणाले.

मग पहिले काही आठवडे आकडे कसे जुळले? बसवायच्या दिवशी टाकी काठोकाठ भरून ठेवा, असा विक्रेत्याचा आग्रह होता. सेन्सर हवेत धरून शून्य, तळाशी सोडून शंभर, असं डिस्प्लेवर सेट केलं की कुठलाही सेन्सर त्या दिवशी साळसूद दिसतो. केबल कापली तर आत नुसत्या दोन वायरी. चांगल्या केबलमध्ये त्यांच्या जोडीला एक बारीक नळी असते, बाहेरच्या हवेचा दाब सेन्सरच्या मागच्या बाजूला पोचवायला. ती नसेल आणि सेन्सर समुद्रसपाटीच्या दाबाला सील केलेला असेल, तर पुण्याच्या उंचीवर तो मुळातच साठेक सेंटिमीटर कमी दाखवतो. शून्य सेट केल्यावर तेही झाकलं जातं.

ऐंशी टक्के पैसे आगाऊ गेले होते, उरलेले बसवल्या दिवशी. बिलावरचा तपकीर गल्लीतला पत्ता शोधला, तिथे मोबाइल दुरुस्तीचं काउंटर. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे दोन मिनिटांचं काम मी चेक लिहिण्याआधी करायला हवं होतं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

आता काकांनी नियम घातलाय. सेन्सरची रेंज कोटेशनवर लिहून हवी आणि टाकीच्या खोलीच्या दुपटीच्या आसपासच हवी. बसवण्याआधी मीटरभर उंचीचा पाइप उभा करून, पाणी भरून, समोर आकडा दाखवायचा. अर्धा पाइप रिकामा केला की आकडाही अर्धा व्हायला हवा. उरलेले पैसे महिन्याने. हे ऐकून दोन विक्रेते पुन्हा फिरकलेच नाहीत.

जुना सेन्सर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, अर्धं सोललेलं स्टिकर तसंच ठेवलंय. तुमच्या सोसायटीत असं कोटेशन आलं असेल तर येऊन बघून जा.