एजन्सी सोडावी की दुसरी जोडावी?

‘आमच्याकडे या, कमिशन जास्त देतो,’ असं दुसऱ्या कंपनीचा मॅनेजर म्हणाला की आयुर्विमा एजंटाचं डोकं लगेच टक्केवारीत शिरतं. माझ्या मते आधी विचारायचं ते हे: आजवर केलेल्या पॉलिसींचं रिन्युअल कमिशन, म्हणजे ग्राहक पुढचे हप्ते भरत राहतो तसं मिळत राहणारं कमिशन, माझ्याकडे राहणार का?

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे एजंटाला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचं काम करता येतं. म्हणजे कंपनी बदलायची तर आधीची एजन्सी सोडावीच लागते. नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत करायचं, मग कंपनीने १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे एजन्सी संपल्याचा दाखला, द्यायचं. त्याच्या तारखेपासून ९० दिवस उलटल्यावरच नवी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेते. सर्टिफिकेट १ जानेवारीचं असेल तर हे ९० दिवस थेट १ एप्रिलला संपतात, म्हणजे मार्चअखेरचा सगळा धंदा गेला. सोडायचंच असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला राजीनामा द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. १५ दिवस मोजायचे तर तो शिक्का हवाच.

एजन्सी जोडायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. आयुर्विम्यासोबत एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. त्या विषयाची परीक्षा द्यावी लागते, पण रिन्युअल चालू राहतं आणि एक दिवसही हात रिकामे राहत नाहीत. ज्या घरात तुम्ही आयुर्विमा दिलाय, तिथे मेडिक्लेम आणि गाडीचा विमा दुसराच कुणी विकत असतो. हे उत्पन्न आधी मिळवावं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी वाट ब्रोकरकडे पीओएसपी, म्हणजे साध्या पॉलिसी विकणारा प्रतिनिधी, होण्याची. प्रशिक्षण १५ तासांचं, विकायला अनेक कंपन्या, पण पॉलिसी साध्या, ठरावीक साच्यातल्या. नवख्याला ती बरी. जुन्या एजंटाने त्यासाठी आयुर्विम्याची एजन्सी सोडू नये.

एलआयसीवाल्यांनी आणखी एक हिशेब करावा. २०२३ मध्ये एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली आणि पुन्हा नेमणूक झालेल्या एजंटाला जुन्या कामाचं रिन्युअल मिळण्याची सोय झाली. त्याआधी परतणाऱ्याला ते मिळत नव्हतं. तुमची किती वर्षं भरली आणि सोडल्यावर नेमकं काय हाती राहील, हे शाखेतून लेखी घ्या.

मग सोडावं कुणी? ज्याची एजन्सी नवी आहे, रिन्युअल किरकोळ आहे आणि ज्याला आपल्या शाखेत कुणी विचारत नाही, त्याने खुशाल सोडावी. मात्र जुन्या ग्राहकांच्या पॉलिसी मोडून नव्या कंपनीत नेऊ नका. सरेंडरमध्ये त्यांचे पैसे जातातच, शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ ची तीन वर्षं नव्याने सुरू होतात. त्या काळात मृत्यू झाला तर कंपनी पॉलिसीवरच प्रश्न उपस्थित करू शकते आणि क्लेमसाठी खेटे त्या माणसाच्या बायकोला घालावे लागतात.