डब्यातला कूलर काढून टॉवर कूलर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरबरोबर डब्यात आलेला, त्याला थंड ठेवणारा कूलर काढून मी टॉवर कूलर (उंच, मोठ्या पंख्याचा) बसवला, त्याला आता बरेच महिने झाले. लिहायचं तेव्हाच मनात होतं, पण राहून गेलं. आता लिहायला बसले ते टॉवरच्या पंख्याने मध्येच टकटक सुरू केली म्हणून. तो वॉरंटीत पाठवावा लागला, तोवर जुना डब्यातला कूलर परत लावला, आणि त्या काळात माझं मत बरंच बदललं.

आधी तापमान, कारण पहिला प्रश्न तोच असतो. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये लांब रेंडर (चित्र तयार करायचं जड काम) लावला की डब्यातल्या कूलरवर प्रोसेसर ८२-८४ अंशांपर्यंत जायचा. टॉवरवर त्याच खोलीत, त्याच कॅबिनेटमध्ये तो ६५-६८ ला थांबतो. आकडे पाहून टॉवर घेतलाच पाहिजे असं वाटतं. पण या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे. टीडीपी (किती उष्णता धरून कूलर निवडायचा तो कंपनीचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असला तरी ठरलेल्या सेटिंगवर तो ७६ वॅटपर्यंत वीज घेतो, त्यापुढे जात नाही. म्हणजे ८४ अंशांवरही तो व्यवस्थित काम करत होता. सगळ्या कोरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर) लोड असताना टॉवरमुळे क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, पन्नास-पाऊणशे मेगाहर्ट्झने वाढला, इतकंच. रेंडर संपायच्या वेळेत ते जाणवतसुद्धा नाही. निव्वळ वेगासाठी कूलर घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका, ते पैसे रॅमला किंवा एसएसडीला लावा.

माझा खरा वैताग आवाजाचा होता. मी घरी ऑडिओ रेकॉर्ड करते, माइक टेबलावर आणि कॅबिनेट टेबलाखाली. पंखा एकसारखा फिरत असेल तर तो आवाज एडिटिंगमध्ये बऱ्यापैकी काढता येतो, कानालाही त्याची सवय होते. डब्यातल्या कूलरचा पंखा मात्र सतत चढायचा आणि उतरायचा. ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडला की चढला. दोन सेकंदांत उतरला. ऑडिओ फाइल सेव्ह केली की पुन्हा चढला. वाक्याच्या मधोमध हा चढ आला की तो टेक वाया जायचा.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच उपायही आहे. या प्रोसेसरचे सगळे कोर एका छोट्या तुकड्यावर असतात, क्षेत्रफळ जेमतेम ८० चौरस मिलिमीटर. टॅब उघडताना एखादा कोर क्षणभर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत उसळतो, आणि उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर पडायची असल्याने तापमान एका झटक्यात दहा-पंधरा अंश वर जातं. पुढच्या क्षणी खालीही येतं. हीटसिंक, म्हणजे कूलरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग, तेवढ्यात गरमही झालेला नसतो. पण मदरबोर्ड पंख्याचा वेग याच आकड्यावरून ठरवतो, म्हणून पंखा प्रत्येक उसळीमागे धावतो. कूलर कितीही मोठा लावला तरी ही उसळी पूर्ण जात नाही, थोडी कमी होते.

टॉवर बसवला त्याच दिवशी मी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याची कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा, बदलली होती. शांतता मिळाली आणि तिचं सगळं श्रेय कूलरला गेलं. मग ही टकटक सुरू झाली.

टॉवरचा पंखा ठरावीक वेगाला आला की बेअरिंगमधून टिक् टिक् असा कोरडा आवाज यायचा. पंखा आडवा धरला की बंद, उभा केला की चालू. कंपनीने आधी व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग सांगितलं की सगळा कूलर पाठवा: हीटसिंक, पट्ट्या, स्क्रू, झाडून सगळं. मला हे अजिबात पटलं नाही. पंखा १२० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा, अगदी प्रमाण मापाचा. तारेच्या दोन क्लिपांवर तो अडकवलेला असतो, अर्ध्या मिनिटात निघतो. हीटसिंक म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पाती, त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. तरी पूर्ण कूलर आल्याशिवाय तक्रार पुढे जाणार नाही, याच्यापुढे ते सरकले नाहीत. पाठवण्याचा खर्चही माझाच. वॉरंटीची मुदत सगळेच बघतात. पंखा सुटा बदलून देतात का, हे घेण्याआधी लेखी विचारा. उत्तर नकारार्थी आलं तर दुसरा कूलर बघा.

एएम४ (५६०० ज्यात बसतो ते सॉकेट) वाल्यांनी कूलर काढताना एक काळजी घ्यावी. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट सुकलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची खिट्टी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. थोडा वेळ जड काम चालवून पेस्ट गरम करायची, मशीन बंद करायचं, मग कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सैल करायचा. सुटल्याचं हाताला कळतं, मगच उचलायचा.

डब्यातला कूलर परत लावल्यावर मी त्यालाही तशीच कर्व्ह दिली. ७० अंशांपर्यंत वेग एकाच जागी, साधारण चाळीस टक्के, त्यापुढे हळूहळू चढ. शिवाय वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबायची सेटिंग बहुतेक बोर्डांवर असते, ती पूर्ण ताणली. आणि रोजच्या कामातला चढ-उतार गेला! तोच कूलर, तोच पंखा, खर्च शून्य. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (ही पंख्याची कर्व्ह नाही, प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सगळ्या कोरना उणे १५ दिलं, तर लोडवरचं तापमानही काही अंश उतरलं. उणे आकडा प्रत्येक चिपला सोसतोच असं नाही, तेव्हा स्थिरतेची चाचणी करूनच तो कायम ठेवा.

त्यामुळे टॉवर घ्याच असं मी आधी सगळ्यांना सांगत होते, ते आता तसंच सांगणार नाही. रेकॉर्डिंग, लिखाण, ब्राउझिंग, अधूनमधून गेम, एवढ्याला डब्यातला कूलर आणि नीट कर्व्ह पुरते. रेंडर लावला की मात्र फरक उघड होतो. डब्यातला छोटा पंखा दोन हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जाऊन घरघरतो, टॉवरचा मोठा पंखा नऊशे-हजारावर तेच काम करतो. मी रेंडर चालू ठेवून शेजारी रेकॉर्डिंग करते, म्हणून मला टॉवर लागतोच.

इतर प्रोसेसरचं गणित वेगळं आहे. ५८००एक्सला किंवा इंटेलच्या अलीकडच्या ‘के’ मॉडेलांना कूलर डब्यात येतच नाही, तिथे प्रश्नच मिटला. इंटेलच्या आय५ १२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी टर्बोमध्ये (जड कामाला वेग वाढवल्यावर) तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथे कर्व्हबरोबर बोर्डाने वीज किती मोकळी सोडली आहे तेही बघा. आणि उंची मोजा. १२० मिलिमीटर पंख्याचे बरेच टॉवर १५५-१६० मिलिमीटर उंच असतात, अरुंद कॅबिनेटचं झाकण बसत नाही.

माझा टॉवर नवीन पंख्यासह परत आला, बसवला, टकटक नाही. दुसऱ्या पंख्यासाठीच्या तारेच्या क्लिपा मी बरोबर पाठवल्या होत्या, त्या मात्र पार्सलमध्ये नव्हत्या. त्या मागणारा ईमेल आज पुन्हा पाठवला आहे.