लोच मासे घ्यायला जाताय तर डबा घरून न्या

पाचपैकी 3 देतोय, तेही मासे चांगले म्हणून, नाहीतर पॅकिंगला 1 च दिला असता. कॉलेज रोडवरून आत वळलं की हे शोभेच्या माशांचं दुकान. टाक्या स्वच्छ, मेलेला मासा एकाही टाकीत तरंगताना दिसला नाही, नाशकात एवढंही खूप झालं. क्लाउन लोच घेतले 4, बोटाएवढे, पट्टे काळेभोर, पोट भरलेलं.

घोळ पुढे झाला. पोऱ्याने साधी जाळी घातली, लोच जाळीत अडकला आणि हा वर ओढतोय! अरे बाबा लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, एरवी खाचेत मिटलेला म्हणून दिसत नाही पण मासा घाबरला की फटकन बाहेर येतो आणि तिथंच लॉक होतो, मग ओढलं की एकतर जाळी फाटणार नाहीतर माशाचा गाल. शास्त्रीय नावातल्या मॅक्राकँथसचा अर्थच मोठा काटा, ब्लीकर नावाच्या डच मत्स्यतज्ज्ञाने 1852 मध्ये ठेवलंय ते, पोऱ्याला अजून पत्ता नाय. जाळी पाण्यातच धरून ठेव म्हटलं, मासा शांत झाला, काटा मिटला, सुटला आपोआप.

पिशवी पण सिंगल. दुकानवाल्या काकांना डबल करा म्हटलं तर म्हणे अहो काही होत नाही, घेऊन जा बिनधास्त. मुंबई नाक्याच्या सिग्नलला मागून बायको ओरडली, "अहो, पाणी!" टाचणीएवढं भोक, तिने अंगठा दाबला तो थेट इंदिरानगर येईपर्यंत. मासे वाचले, ड्रेसबद्दल बोलत नाही.

फोन केला तर काकांनी वाद नाही घातला, हे मान्य. पुढच्या वेळी श्रीखंडाचा मोठा डबाच घेऊन गेलो कोरीडोरास, म्हणजे छोटे कॅटफिश, आणायला. त्यांचे काटे पाठीवरच्या पंखाला आणि बाजूच्या दोन्ही पंखांना, तेही लॉक होतात, वर थोडं विष पण असतं, टोचलं की चांगलंच झोंबतं. काकांनी स्वतः डबा बुडवून एकेक पकडून दिला, जाळी लावलीच नाही.

एक मात्र, क्लाउन लोच दोन फुटी टाकीत आरामात राहतील म्हणतात ते मनावर घेऊ नका, हा मासा फूटभर होतो. माझी चार फुटी आहे, तीही कमी पडणार, बायकोला अजून सांगितलं नाहीये.