बार्जच्या तळाला ए ग्रेड की एएच३६? दोन्ही लावून बघितल्यावर

जयगड खाडीत माझ्या दोन बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, चालतात. एकीचा तळ एएच३६ चा, म्हणजे जहाजासाठीच्या जास्त ताकदीच्या (हाय टेन्साइल) पोलादाचा, आणि दुसरीचा साध्या ए ग्रेडच्या जहाजी पोलादाचा, त्यामुळे कोणी नवीन बार्ज बांधायला काढली की विचारायला माझ्याकडेच येतो. ताकदीचं सगळ्यांना ठाऊक असतं, ए ची यील्ड, म्हणजे पत्रा कायमचा वाकायला लागतो तो ताण, २३५ आणि एएच३६ ची ३५५ मेगापास्कल, म्हणजे पत्रा पातळ चालतो, वजन कमी, माल जास्त. मीही याच हिशोबाने पहिली बार्ज हाय टेन्साइलमध्ये बांधली.

हिशोब खोटा नाही. माझा तळ ३० बाय ८ मीटर, १० मिमीच्या जागी ८ मिमी लावला की चौरस मीटरला १५.७ किलो वाचतात, म्हणजे एकूण पावणेचार टन. पण तीनशे टन खडी नेणाऱ्या बार्जला पावणेचार टनांनी असा किती फरक पडतो! दीडशे-दोनशे मीटरच्या जहाजाची गोष्ट वेगळी, तिथे लाटेवर अख्खं जहाज वाकतं, डेक आणि तळावर खरा ताण येतो, म्हणून तिथे ३६ चा खरा फायदा होतो. आपल्या छोट्या बार्जला मात्र पत्र्याची जाडी बहुतेक क्लासच्या (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) किमान नियमावर आणि गंजावर ठरते. आणि गंजाला ग्रेड कळत नाही, दोन्ही पत्रे सारखेच खातो. १ मिमी गेला की १० मधला दहावा हिस्सा गेला आणि ८ मधला आठवा. शिवाय लवचिकपणा दोघांचा सारखाच, त्यामुळे पातळ पत्रा ओहोटीला दगडावर बसला की पोचे लवकर येतात, माझ्या पहिल्या बार्जला आलेत.

पण माझं मत बदललं ते वेल्डिंगमुळे. ३६ ला लो हायड्रोजन रॉड लागतो, ७०१८, आणि तो ओला झालेला अजिबात चालत नाही. पाकीट फुटलं की ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास भाजायचा, मग गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा. कागदावर सोपं आहे हो, पण आमचं काम लांबलं आणि जून उजाडला. वर ताडपत्री, खाली चिखल, हवेत एवढा दमटपणा की सकाळी पत्र्याला घाम आलेला, त्यात लाईट गेली की ओव्हन थंड. वेल्डरने तासभर बाहेर राहिलेले रॉड लावले आणि स्लॅग उडवला तर जोडाला घावनासारखी भोकांची जाळी! ती दिसली म्हणून घासून परत मारली. दुसरा जोड मात्र दिसायला सुंदर होता, दोन दिवसांनी तडा शोधायची लाल डाय लावून पुसली, वर पांढरी पावडर फवारली, तर जोडाच्या कडेने हातभर लाल रेघ उमटली. ओलाव्यातून जोडात शिरलेल्या हायड्रोजनचा तडा असा मागाहून येतो, म्हणून तर तपासणी ४८ तास थांबून करतात. त्या जुलैत आम्ही अकरा जोड उकरून परत भरले.

ए ग्रेडला हा जाच कमी. क्लासने मान्य केलेला साधा रॉड कोरडा ठेवला की माझ्या जाडीला पुरतो, आणि आपल्याकडच्या वेल्डरांचा हात त्यावर बसलेला आहे. पुढे दुरुस्तीलाही तसंच, ३६ च्या जागी ३६ च लावावा लागतो, क्लासच्या सर्व्हेअरला विचारल्याशिवाय साधा तुकडा टाकता येत नाही, आणि दोन-चार प्लेटसाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारात फोन करत बसा.

फक्त ए ग्रेड म्हणून आयएस २०६२ चा, म्हणजे साध्या बांधकामाच्या पोलादाचा, पत्रा गळ्यात घेऊ नका. दिसतो सारखाच, रेलिंग-शिडीला चांगला आहे, पण तळाला क्लासचा शिक्का आणि सर्टिफिकेटशी जुळणारा हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यात ओतलं त्याचा नंबर) हवा. कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्या, नंतर कोणाला आठवत नाही.

मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या कामात हा वाद नाहीच. तिथे जाड पत्रा आडव्या पाइपाने जाडीच्या दिशेने ओढला जातो, आतून पापुद्रे सुटू नयेत म्हणून झेड३५ सारखा तपासलेला पत्रा घेतात. ते काम तयारीच्या यार्डात होतं, असं ताडपत्रीखाली नाही.

तुमच्याकडे शेड असेल, ओव्हनला जनरेटर असेल, तर ३६ वाईट नाही, माझा अनुभव एकाच बार्जचा आहे. तिसरीसाठी मी तळाला १० मिमी ए ग्रेड सांगितलाय, ३६ फक्त पुढच्या रॅम्पच्या बिजागरीपाशी, आणि तेवढे जोड जानेवारीतच मारून घेणार आहे.