मधुमालतीचे रोप आणि ते देणारी नर्सरी: दोन वर्षांनंतरचा अभिप्राय

पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या एका नर्सरीतून दोन वर्षांपूर्वी, मृगाचे पहिले पाऊस पडून गेल्यावर, मी १८० रुपयांना मधुमालतीचे रोप घेतले. वेलीची पारख ती फुलल्यावरच होते, म्हणून हा अभिप्राय इतक्या उशिरा लिहीत आहे.

रोप निरोगी होते. पिशवी फाडली तेव्हा मुळांनी तळाशी वेटोळे घातलेले नव्हते आणि पानांमागे माव्याचा मागमूसही नव्हता. तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. चिठ्ठीवर ‘डबल’ असे लिहिले असताना फुले आली ती पाच पाकळ्यांची, एकेरी. दुकानात विचारल्यावर, “पुढच्या वर्षी डबल येतील,” असे बिनदिक्कत सांगण्यात आले. जणू पाकळ्या वयानुसार वाढतात! मी रोप बदलून मागितले नाही, कारण तोवर वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत चढली होती. शिवाय संध्याकाळी पांढरी उमलणारी, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होणारी ही फुले एकाच घोसात तिन्ही रंगांत दिसतात आणि अंधार पडला की त्यांच्या लांब नळ्यांतील मधासाठी मोठे पतंग येतात. तेव्हा डबलची हळहळ उरत नाही.

दुकानदाराने रोपासोबत गळ्यात मारलेले खताचे पाकीट मात्र महागात पडले. त्यात नत्राचे प्रमाण जास्त असल्याने पहिले वर्षभर वेलीला नुसता पाला आला. तिथल्याच माळीकाकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी खत बंद करायला लावून, फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, म्हणून थंडी ओसरताच वेल निम्म्यावर छाटा, असा सल्ला दिला. मी फेब्रुवारीत छाटणी करून बुंध्याशी फक्त शेणखत दिले आणि त्या उन्हाळ्यात पहिला बहर आला. पाने गळल्यावर त्यांचे देठ वाळून काट्यांसारखे कडक होतात आणि त्यांच्याच आधाराने वेल वर चढते, हे मात्र काकांनीही सांगितले नव्हते. ते छाटणीच्या वेळी ओरखडे उठल्यावर कळले.

या नर्सरीत मी पुन्हा जाईन, पण फुलावर आलेलेच रोप निवडीन, बिल करण्याआधी माळीकाकांना गाठीन आणि खताचे पाकीट गल्ल्यावरच ठेवून येईन.