व्हॅलेरियन आणि लॉरेलिन: अवकाशाएवढी मोठी चित्रकथा

१९६७ मध्ये ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकात सुरू झालेली ‘व्हॅलेरियन आणि लॉरेलिन’ ही विज्ञानकथामालिका लेखक पिएर क्रिस्तँ आणि चित्रकार झाँ-क्लोद मेझिएर या बालमित्रांनी घडवली. अठ्ठाविसाव्या शतकातील गॅलॅक्सिटी या पृथ्वीच्या राजधानीचा हस्तक व्हॅलेरियन आणि अकराव्या शतकातील फ्रान्समध्ये त्याला भेटलेली लॉरेलिन हे दोघे काळ आणि अवकाश ओलांडत फिरतात.

पहिली कथा मला काहीशी कच्ची वाटते. मालिकेचे खरे सामर्थ्य १९७५ च्या ‘छायांचा राजदूत’ या भागात दिसते. आलेल्या प्रत्येक प्रजातीने आपापला कक्ष जोडत वाढवलेले ‘पॉइंट सेंट्रल’ हे अवाढव्य अवकाशस्थानक मेझिएर यांनी असे रेखाटले आहे, की प्रत्येक दालनातील रचना, प्रकाश आणि तिथले जीव यांवरून त्या समाजाची जगण्याची रीत शब्दांवाचून उमगते. पृथ्वीच्या राजदूताचे आणि त्याच्याबरोबर व्हॅलेरियनचेही अपहरण झाल्यावर शोधाची सारी धुरा लॉरेलिन वाहते. माहितीचा व्यापार करणाऱ्या लोभी शिंगूझांशी तिने केलेले सौदे तर मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. पृथ्वीच्या साम्राज्यवादी वृत्तीवर लेखकाने ठेवलेले बोट या कथेला साहसापलीकडचे वजन देते.

संवादांचे फुगे काही पानांवर फार दाटीवाटीने येतात आणि चित्रांचा श्वास कोंडतो, हा दोष मान्य करावा लागतो. नव्या वाचकाने मात्र क्रमाचा आग्रह सोडून याच भागापासून सुरुवात करावी.